गारठलेलें इंजिन : एका अडचणीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. महालांत राहणाऱ्या नागपुरकरास तर तें अगदींच साहजिक आहे. कारण ज्या वस्तीचें नांवच भोंसल्यांच्या राजवाड्यावरून पडलें, आणि जिच्या तोंडाशीं जुना जुम्मा दरवाजा गांधी दरवाजा हें नवें नांव धारण करून अद्याप उभा आहे, तिच्या बोळाबोळांत इतिहास ठाण मांडून बसलेला आहे. परंतु राजवाड्यांप्रमाणें माणसाच्या रोजच्या अडचणींनाहि इतिहास असतो. चूल कशी पेटवीत, दिव्याला तेल कोठून येई, पाणी कोण भरी, या प्रश्नांच्या उत्तरांत समाजाची जेवढी ओळख पटते तेवढी कित्येकदां तहनाम्याच्या कलमांतहि पटत नाहीं. अशाच एका क्षुल्लक दिसणाऱ्या अडचणीची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ती अडचण म्हणजे थंडीच्या सकाळीं मोटारीचें इंजिन सुरू न होणें, आणि झालेंच तर हिंवताप भरलेल्या माणसाप्रमाणें थडथडत राहणें.

हा विषय मिस्त्रीचा, वाङ्मयाच्या मासिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मोटारीचा हा सकाळचा पहिला मिनिट गेल्या सव्वाशें वर्षांत तीन हातांतून गेला आहे. प्रथम तो गाडी चालविणाऱ्याच्या दंडांत होता. मग तो मिस्त्रीच्या कानांत गेला. आणि आतां तो एका बंद पेटींत जाऊन बसला आहे. प्रत्येक हस्तांतराबरोबर सुख वाढलें व ज्ञान एक पायरी दूर गेलें. या देवघेवींत आपण काय मिळविलें व काय घालविलें, याचा हिशेब पाहण्याजोगा आहे.

नागपूरची थंडी ती केवढी, असें हिमालयाच्या पायथ्याचा मनुष्य म्हणेल. आपल्या शहराचा लौकिक उन्हाळ्याचा. २०१३ च्या मे महिन्यांत येथें पारा ४७.९ अंशांवर गेला होता. परंतु त्याच शहरांत २०१८ च्या डिसेंबरअखेर तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. एकाच इंजिनास हीं दोन्ही टोकें सोसावीं लागतात. शिवाय माणसाची थंडी निराळी व इंजिनाची निराळी. चालू इंजिनाभोंवतीं फिरणारें पाणी साधारणतः ८० ते ९० अंशांवर असतें; त्या मानानें रात्रभर उभी राहिलेली गाडी वैशाखांतल्या पहाटेंसहि गारच म्हटली पाहिजे. पौषांत ती अधिक गार, एवढाच फरक. तेव्हां हा प्रश्न केवळ बर्फाच्या मुलखाचा नाहीं. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दिवसाचा तो पहिला प्रश्न आहे.

त्याचें मूळ समजण्यास मोठ्या पदार्थविज्ञानाची गरज नाहीं. चूल पेटविलेल्या कोणाहि माणसास तें ठाऊक असतें. लाकूड जळतें असें आपण म्हणतों, परंतु ज्वाला घेतो तो लाकडांतून निघणारा वायु. म्हणून ओला ओंडका धुमसत राहतो व काटक्या लागलीच पेट घेतात. पेट्रोलचेंहि तसेंच आहे. त्याची वाफ होऊन ती हवेंत मिसळली म्हणजेच ठिणगीनें पेटते. तापलेल्या इंजिनांत एक भार पेट्रोलास सुमारें १४.७ भार हवा हें प्रमाण नेमकें बसतें. परंतु गार धातूच्या नळींतून जातांना पेट्रोलच्या हलक्या अंशाची तेवढी वाफ होते. जड अंश दंव पडावें तसा नळीच्या भिंतीवर बसतो. त्यामुळें आंत सोडलेलें पेट्रोल आणि ठिणगीपुढें पोंचलेली वाफ यांत मोठीच तफावत पडते. त्यावर उपाय एकच : इतकें अधिक पेट्रोल सोडावयाचें कीं त्याच्या हलक्या अंशावरच काम भागावें. कडक थंडींत एक भार पेट्रोलास तीन-चार भारच हवा, येथपर्यंत हें प्रमाण न्यावें लागतें. त्यांत आणखी भर अशी कीं थंडीनें तेल घट्ट होऊन इंजिन जड फिरतें, आणि ज्या बॅटरीनें तें फिरवावयाचें तिचीच शक्ति थंडीनें मंदावते. खर्च वाढावा त्याच दिवशीं पगार कापला जावा, तसा तो प्रसंग असतो.

यंत्र जागें होण्यास वेळ लागतो, ही गोष्ट नागपूरला मोटारीनें शिकविली नाहीं. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. तिच्यासारख्या गिरण्यांत बॉयलर तापून वाफेचा पुरेसा दाब चढेपर्यंत कोळसा घालीत बसावें लागे. चाक फिरण्याच्या कितीतरी आधीं विस्तववाल्याचा दिवस उजाडलेला असे. त्याच सुमारास, म्हणजे १८७६ सालीं, जर्मनींत निकोलस ऑटो यानें चार धावांचें इंजिन सिद्ध केलें. बॉयलरची उठाठेव नको, सिलिंडरच्या आंतच आग लावावयाची आणि तत्काळ काम घ्यावयाचें, हें त्या इंजिनाचें आश्वासन होतें. २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल बेन्झ यानें आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि हें आश्वासन रस्त्यावर आलें.

तें कितपत खरें आहे, याची पहिली मोठी परीक्षा एका स्त्रीनें घेतली. १८८८ च्या ऑगस्टांत बेन्झची पत्नी बर्था ही दोन मुलांस बरोबर घेऊन, नवऱ्यास न सांगतां, मानहाइमहून फॉर्टसहाइमला आपल्या माहेरीं मोटारीनें निघाली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिच्यावर तिनें मोजाबंद गुंडाळला. इंधन संपलें तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन विकत घेतलें. जगांतील या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासांत उद्‌भवलेल्या अडचणींकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. एक इंधनाच्या वाटेची, दुसरी ठिणगीची. त्यांत हवेची तिसरी मिळविली कीं आजतागायत मिस्त्रीपुढें येणाऱ्या बहुतेक तक्रारींचें कोष्टक पुरें होतें.

इंधन हवेंत मिसळण्याचें काम सुरुवातीस फार ढोबळ होतें. पेट्रोलच्या पृष्ठावरून हवा ओढून घ्यावयाची व जी काय वाफ येईल ती पदरांत पाडून घ्यावयाची. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यानें बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर प्रचारांत आणला, आणि पुढें १९०२ सालीं रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत उच्च दाबाच्या विजेची खात्रीची ठिणगी सिद्ध झाली. आतां राहिलें तें इंजिनास पहिली गति देण्याचें काम. तें माणसाच्या दंडावर पडलें.

गाडीच्या तोंडाशीं वांकून लोखंडी हँडल फिरविणें ही एक कला होती, व तींत धोकाहि होता. ठिणगी वेळेआधीं पडली तर इंजिन उलट उसळी घेई आणि हँडल मनगट मोडून टाकी. म्हणून आधीं ठिणगीचा दांडा मागें घ्यावयाचा, हँडल खालून वर ओढावयाचें, वरून खालीं दाबावयाचें नाहीं, आणि आंगठा मुठीभोंवतीं न वळवितां बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, असे नियम ठरून गेले होते. थंडीच्या दिवशीं तेल घट्ट, वाफ कमी, म्हणून हँडल अधिक वेळां फिरवावें लागे. म्हणजे ज्या दिवशीं हात आंखडलेले, त्याच दिवशीं धोका अधिक. हे नियम ज्याच्या अंगवळणीं पडले तो मोटार चालविणारा. बाकीचे नुसते बसणारे.

हँडलची ही सत्ता अमेरिकेंतल्या चार्ल्स केटरिंगनें संपुष्टांत आणली. गल्ल्याच्या यंत्राचा कप्पा विजेनें उघडण्याची युक्ति त्यानें पूर्वीं काढली होती. तेथें त्याला एक तत्त्व सांपडलें होतें : जी मोटर दिवसभर चालावयाची नाहीं, क्षणभरच झटका द्यावयाची आहे, ती लहान असली तरी चालते. हेंच तत्त्व त्यानें इंजिनास लाविलें आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा स्टार्टर आला. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच. फोर्डच्या सुप्रसिद्ध टी मॉडेलला, जी १९०८ पासून निघत होती, त्याची सोय १९१९ सालीं झाली. शक्तीचा प्रश्न सुटतांच मोटार बलदंड पुरुषाची मक्तेदारी राहिली नाहीं. स्त्रिया, वृद्ध व अशक्त माणसें यांस ती आपल्या हातानें सुरू करतां येऊं लागली. एका लहानशा यंत्रानें एवढी मोठी सामाजिक मोकळीक दिल्याचीं उदाहरणें थोडींच आहेत.

आपल्याकडे मात्र मोटार आली ती ड्रायव्हर व क्लीनर यांच्यासह. धन्यास गाडीचा रंग ठाऊक, ड्रायव्हरास तिची नाडी. श्रम एकाचे व सुख दुसऱ्याचें, ही आपली जुनी वांटणी मोटारीनें बिनबोभाट स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धांत या ज्ञानाची कसोटी लागली. १९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें, आणि बसगाड्या व ट्रक यांच्या पाठीशीं कोळशाच्या गॅसच्या उंच भट्ट्या दिसूं लागल्या. लांकडी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळावयाचा, त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाळून, गार करून इंजिनास पाजावयाचा, अशी ती व्यवस्था. सकाळीं भट्टी पेटवून पंख्यानें फुंकीत बसावयाचें, जळाऊ वायु येऊं लागला म्हणजे मग इंजिन चालू करावयाचें. पुष्कळदां थोडक्या पेट्रोलवर सुरुवात करून नंतर गॅसवर जावयाचें. एवढें करून पेट्रोलच्या मानानें शक्ति सुमारें एकतृतीयांश कमीच मिळे. ऑटोनें ज्या बॉयलरपासून सुटका करून दिली होती, तोच दुसऱ्या वेषांत मोटारीच्या पाठीवर येऊन बसला.

स्वातंत्र्याच्या आगेंमागें देशांतच मोटारी तयार करण्याचे उद्योग उभे राहिले. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. आपल्या वालचंद हिराचंदांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती १९४४ सालीं. १९५४ पासून प्रीमियरची फियाट ११०० आणि १९५७ पासून हिंदुस्थानची ॲम्बॅसडर, या दोन गाड्यांनीं पुढें जवळजवळ तीस वर्षें मध्यमवर्गाच्या मोटारविषयक कल्पनांवर राज्य केलें. परवान्यांच्या त्या काळांत नव्या गाडीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागे. त्यामुळें एकदां घरीं आलेली गाडी घरच्या माणसाप्रमाणें सांभाळली जाई, आणि म्हातारपणच्या तिच्या सगळ्या कुरबुरी सोसल्या जात. मिस्त्री या संस्थेचें सुवर्णयुग तें हेंच.

त्या काळच्या सकाळीं ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस चोकचें बटण सांगावयास नको. पुष्कळ कार्ब्युरेटरांत चोक म्हणजे हवेच्या वाटेंतली झडप. ती मिटली कीं हवा कमी येते व ओढ वाढून पेट्रोल अधिक येतें. ॲम्बॅसडरच्या एस. यू. कार्ब्युरेटरांत हेंच काम पेट्रोलची नळी खालीं सरकवून, सुईभोंवतालची वाट मोठी करून साधत असे. युक्ति निराळी, हेतु एकच : काटक्या अधिक घालणें. पण येथेंच विवेकाची परीक्षा असे. चोक कमी ओढला तर इंजिन खोकून बंद पडे. फार ओढला, किंवा अधीरपणें पाय दाबीत राहिलें, तर प्लग पेट्रोलनें भिजून गाडी ‘ओव्हरफ्लो’ होई. मग बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ, आणि शेवटीं शेजारच्या मुलांना हांक मारून धक्का. इंजिन लागल्यावर चोक हळूहळू आंत ढकलावयाचा. तो विसरला तर गाडी काळा धूर सोडी, पेट्रोल खाई व प्लगांवर काजळी धरी. उन्हाळ्यांत उलट प्रकार. भर दुपारीं थांबलेल्या गाडीच्या पंपांत व नळींत पेट्रोलची वाफ होऊन इंधनाची धारच तुटे, आणि मग पंपावर ओलें फडकें घालून स्वस्थ बसणें हाच उपाय असे. हिंवाळ्यांत वाफ होईना म्हणून गाडी अडावयाची, आणि उन्हाळ्यांत नको तेथें वाफ झाली म्हणून अडावयाची. नागपूरच्या मोटारवाल्यास एकाच नियमाचे हे दोन्ही धडे मिळत.

अशा गाडीपुढें उभा राहिलेला चांगला मिस्त्री काय करी, हें नीट पाहिलें तर तर्कशास्त्राच्या वर्गांत शिकवावी अशी पद्धति तेथें आढळते. तो प्रथम ऐकून घेई : खोळंबा गारपणीं होतो, तापल्यावर होतो, कीं दोन्ही वेळां? या एका प्रश्नानें अर्धें काम होई. गारपणींच थडथड होऊन पुढें ती निवळत असेल तर संशय चोकवर व पेट्रोलच्या प्रमाणावर. तापल्यावरच होत असेल तर वाफेवर, कॉइलवर किंवा व्हॉल्व्हवर. आणि सर्वकाळ होत असेल तर प्लग, हवेची गळती किंवा सिलिंडरचा दाब यांवर. मग तो प्लग काढी. प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल पोंचलेलें नाहीं. ओला म्हणजे पोंचलें, पण पेटलें नाहीं. वायरीला लावलेला प्लग धातूवर टेकवून तो ठिणगी पाही. निळी व कडक असली तर बरी. पिवळी व दुबळी असली तर डेल्कोचे पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल. पावसाळ्यांत डेल्कोचें झांकण आंतून कोरड्या फडक्यानें पुसतांच हट्टी गाडी सुरू झाल्याचीं उदाहरणें कोणीहि सांगेल. प्लगच्या टोकाचा रंग ही तर त्याची जन्मपत्रिका : तांबूस-तपकिरी असला तर प्रकृति ठीक, काळी काजळी असली तर पेट्रोल अधिक, आणि पांढरट भाजल्यासारखा असला तर हवा अधिक.

आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतां इंजिनाचें मंद चालणें, हें तर सर्वांत अवघड. वाचकांस याचें नवल वाटेल. परंतु सायकल वेगांत असतां तोल आपोआप राहतो आणि अगदीं सावकाश चालवावयाची म्हटलें कीं भलेभले डगमगतात, तसेंच हें आहे. मंद चालीवर हवेची झडप जवळजवळ मिटलेली, आंत येणारें मिश्रण थोडें, मागच्या धावेचा जळका वायु त्यांत मिसळलेला, आणि फिरत्या चाकाचा जोरहि बेताचा. चारांपैकीं एका सिलिंडरनें आळस केला तरी सारी गाडी हादरते. तो आळशी हुडकण्यासाठीं मिस्त्री एकेका प्लगची वायर क्षणभर काढी. जी काढल्यावर इंजिन आणखी लंगडें तें सिलिंडर कामाचें; जी काढली तरी आवाजांत फरक नाहीं तेथेंच चोर. इंजिन कोठून तरी ‘एअर घेतें’ असा संशय आला तर जोडांवर तो तेलाचे थेंब सोडी व कोणत्या थेंबासरशीं आवाज बदलतो तें ऐकत राही. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, सोपी व स्वस्त तपासणी आधीं, अवघड व महाग शेवटीं, हा त्याचा दंडक. खंडेनवमीस हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या या माणसास कोणी शास्त्रज्ञ म्हटलें नाहीं. परंतु एकेक शक्यता गाळीत सत्यापाशीं जाण्याची त्याची रीत प्रयोगशाळेंतल्या रीतीहून निराळी नव्हती. या विद्येला एक उणें होतें. ती लिहिली गेली नाहीं. हाताखालच्या पोऱ्यानें जें पाहून उचललें तेवढेंच पुढें गेलें.

ही व्यवस्था बदलली ती दोन दिशांनीं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली व गाडी विश्वासाची असूं शकते हें लोकांस कळलें. तरी तिलाहि आरंभीं कार्ब्युरेटर आणि चोक होताच. दुसरी दिशा कायद्याची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं पेट्रोलच्या चारचाकी गाडीच्या आयडलिंगच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ३ हून अधिक असूं नये, असें ठरविलें. ज्या मंद चालीची चिंता आजवर धनी व मिस्त्री या दोघांपुरती होती, ती सार्वजनिक आरोग्याची बाब झाली. हवें तितकें पेट्रोल ओतून इंजिन शांत ठेवण्याची पळवाट बुजली. पुढें भारत स्टेज ४ च्या गाड्यांस ही मर्यादा शेंकडा ०.३ वर, म्हणजे दहाव्या हिश्शावर आली. इतका नेमकेपणा कार्ब्युरेटरच्या आटोक्यांतला नव्हता.

युरोपांत याची तयारी आधींच झाली होती. १९६७ सालीं फोक्सवॅगनच्या गाड्यांत बॉशची विजेच्या हुकमतीखालीं पेट्रोल फवारण्याची योजना आली, आणि १९७६ सालीं व्होल्व्होनें धुरांतला प्राणवायु मोजणारा सेन्सर वापरला. आपल्याकडे १९९५ सालीं चार महानगरांत बिनशिशाचें पेट्रोल व धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक यंत्र आलें. १ फेब्रुवारी २००० पासून शिसें देशभर बंद झालें. सेल्फ देणाऱ्या केटरिंगच्याच देखरेखीखालीं १९२१ सालीं पेट्रोलांत शिसें घालण्याचा शोध लागला होता, हें येथें आठवतें; एकाच माणसाच्या प्रयोगशाळेंतून निघालेला एक शोध जगानें ठेवला व दुसरा अखेर टाकून दिला. २००० च्या सुमारास फवाऱ्याचें इंजिन आपल्याकडे रूढ झालें व चोकचें बटण अस्तास गेलें. आतां इंजिनाच्या पाण्यांत बुडालेला एक लहानसा सेन्सर ऊष्णता सांगतो आणि एक संगणक त्या मानानें पेट्रोल वाढवितो. जो विवेक पूर्वीं बोटांत होता तो पेटींत गेला. आणि खरें सांगावयाचें तर पेटी तो बहुधा बोटांपेक्षां चांगला चालविते.

बिघडली मात्र, म्हणजे मनुष्य हतबुद्ध होतो. मिस्त्री आतां स्कॅनर लावतो आणि पडद्यावर आंकडा येतो. पी ०३०१ म्हणजे पहिलें सिलिंडर चुकतें, पी ०३०० म्हणजे कोठलेंहि एक नक्की नाहीं. पण तें कां चुकतें, हें आंकडा सांगत नाहीं. प्लग असेल, कॉइल असेल, तुंबलेला फवारा असेल, तडकलेल्या रबरी नळींतून शिरणारी हवा असेल. म्हणजे तींच तीन दारें, ठिणगी, इंधन आणि हवा. सेन्सरहि खोटें बोलतो. तो गार इंजिनास तापलेलें म्हणूं लागला तर संगणक पेट्रोल आंखडतो व सकाळीं गाडी उठत नाहीं. त्याची लबाडी पकडण्यास मोठी विद्या लागत नाहीं : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनाची ऊष्णता पहाटें बाहेरच्या हवेइतकीच दिसली पाहिजे. बाहेर १० अंश असतां पडद्यावर ८० आले, तर चोर सांपडला. एवढा विचार न करतां एकामागून एक भाग बदलण्याची जी रीत बोकाळली आहे, तिचा खर्च गृहस्थाच्या खिशांतून जातो आणि समज कोणाचीच वाढत नाहीं.

या जुन्या प्रश्नाचा अगदीं नवा अध्याय नागपूरशीं विशेष जोडलेला आहे. २०१४ च्या ऑगस्टांत स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी हिरवी बस येथें रस्त्यावर आली. डिझेलच्या धर्तीच्या तिच्या इंजिनांत इथेनॉल पेट घेईना, म्हणून त्यांत पेटण्यास मदत करणारें द्रव्य मिसळावें लागे. २०१८ सालीं तो उपक्रम थांबला. महालांतच ज्यांचा वाडा आहे ते नितीन गडकरी यांनीं केंद्रीय मंत्री या नात्यानें इथेनॉलचा सतत पुरस्कार केला, आणि २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत त्याचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. आयात तेल वांचतें, शेतकऱ्याच्या उंसाला व मक्याला गिऱ्हाईक मिळतें, हे त्याचे लाभ उघड आहेत. परंतु इंजिनाच्या दृष्टीनें इथेनॉल हें जरा ओलसर लाकूड आहे. त्याची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ऊष्णता लागते. ब्राझिलांत १९७९ पासून शुद्ध इथेनॉलच्या गाड्या निघूं लागल्या, तेव्हां थंडीच्या सकाळीं इंजिन लागावें म्हणून त्यांत पेट्रोलची एक लहानशी निराळी टांकी ठेवीत. शेंकडा २० च्या मिश्रणांत ही अडचण नागपुरी थंडींत मोठी नाहीं, आणि त्यासाठींच बांधलेल्या नव्या गाड्यांस ती जाणवूं नये. प्रश्न आहे तो जुन्यांचा. इथेनॉलांत प्राणवायु असल्यामुळें कार्ब्युरेटरच्या गाडीचें मिश्रण आपोआप पातळ होतें व गारपणीं थडथड वाढते. जुनें रबर त्यानें फुगतें. तें पाणी शोषून घेतें, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीस तें मानवत नाहीं. ज्या चारचाकी गाड्या मुळांत शुद्ध पेट्रोलासाठीं बांधून शेंकडा १० च्या मिश्रणास जुळविल्या आहेत, त्यांस शेंकडा ६ ते ७ इंधन अधिक लागेल, असा अंदाज सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यांत दिला होता. धोरण चांगलें कीं वाईट, यावर कंठशोष करणाऱ्यांनीं दोन्ही बाजूंच्या या गोष्टी आधीं पाहाव्या.

आणखी एका रूढीचा येथें उल्लेख केला पाहिजे, कारण तिचा उपद्रव शेजाऱ्यांस होतो. सकाळीं गाडी सुरू करून पांच-दहा मिनिटें घराशींच धडधडत ठेवण्याची संवय कार्ब्युरेटरच्या काळांत सकारण होती. न तापलेली गाडी पुढें नेली तर ती बंद पडे. फवाऱ्याच्या इंजिनास अर्धा मिनिट पुरतो. पुढें सावकाश चालविणें हेंच त्यास लौकर तापविणें होय. उलट उत्प्रेरक यंत्र २५०-३०० अंशांपर्यंत तापेतों नीट काम करीत नाहीं, म्हणून गाडीचा सर्वांत वाईट धूर याच पहिल्या मिनिटांत निघतो. महालांतले बोळ पालखी व बैलगाडी यांच्या मापानें आंखलेले. तेथें दोन्ही बाजूंच्या भिंतींत कोंडलेला हा धूर ओट्यावर बसलेल्या आजोबांच्या व शाळेस निघालेल्या मुलांच्या छातींत जातो. कारण गेलें तरी आचार राहतो, हा रूढीचा स्वभाव; यंत्रांच्या बाबतींतहि तो खोटा ठरत नाहीं.

तेव्हां हिशेब असा. हँडल गेलें, मनगटें वांचलीं. चोक गेला, धूर घटला. यांतलें कांहींहि परत आणावें असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. गेलेली वस्तु निराळी आहे. बर्था बेन्झला आपली गाडी कां थांबली हें कळत होतें; चोक ओढणाऱ्या गृहस्थास अर्धेंमुर्धें कळत होतें; आज पदवीधर माणूस पडद्यावरचा पिवळा दिवा पाहून हात जोडतो. यंत्र अधिक शहाणें झालें म्हणून त्याच्या मालकानें अधिक अडाणी व्हावें, असा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं. गारपणीं कीं तापल्यावर, ठिणगी कीं इंधन कीं हवा, आणि एका वेळीं एकच बदल, एवढी तीन वचनें ज्यास ठाऊक आहेत तो स्कॅनरच्या आंकड्यासहि प्रश्न विचारूं शकतो. तीं वचनें मिस्त्रीच्या कानाबरोबर नाहींशीं होण्यापूर्वीं मराठींत लिहून ठेवणें व मुलांस शिकविणें, हें सुशिक्षितांनीं करण्याजोगें काम आहे. भोंसल्यांच्या दप्तरांतील कागद जपण्याइतकेंच तें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.